माशीचं कपाळ

माशीला कपाळ असतं आणि तिची जात बऱ्याचदा त्या कपाळावर शोधायची असते, हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं. तोवर माशी म्हणजे हाकलायची गोष्ट. मी धाराशिवला अकरावी-बारावीला मराठी शिकवते. विज्ञानाची आणि माझी फारकत दहावीनंतर झाली आणि दोन्ही पक्ष सुखात होते.

भूम तालुक्यात माझ्या मामाचा गोठा आहे. त्या भागात खव्याच्या भट्ट्या पुष्कळ, आणि भट्टीला दूध लागतं म्हशीचं. त्यामुळे म्हैस आजारी पडली की घराचा हिशेबच झोपतो. श्रावणात मामाची एक दुभती म्हैस बिघडली. ताप चढायचा, उतरायचा, डोळ्यांतून पाणी गळायचं, दूध आटत चाललं. मग ती खुंट्याभोवती गोल गोल फिरायला लागली, भिंतीला डोकं टेकवून उभी राहायला लागली. डॉक्टर आले. ताप चढलेला असतानाच त्यांनी कानाच्या शिरेतून रक्त घेतलं, काचपट्टीवर पसरलं आणि दवाखान्यात नेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं. सर्रा निघाला. इंजेक्शनं झाली, म्हैस सावरली. शेवटच्या खेपेला निघताना डॉक्टर म्हणाले, "मोठ्या चावऱ्या माश्यांचा बंदोबस्त करा. टॅबॅनस."

"म्हंजे कोणची?" मामाने विचारलं, पण डॉक्टरांची मोटारसायकल तोवर वळणापलीकडे गेली होती.

मामाच्या लेखी जनावराला चावणारी प्रत्येक माशी गोमाशी. मी मोबाइलवर शोधलं तर टॅबॅनस हा टॅबॅनिडी नावाच्या कुलातला एक वंश निघाला. मराठीत या कुलातल्या माश्यांना घोडमाश्या म्हणतात. कुलात जगभर चार हजारांवर जाती, भारतात दोनशेच्या वर. फोटो पाहावेत आणि जुळवून टाकावं, असा माझा सरळसाधा बेत होता. पाचपन्नास फोटो पाहिल्यावर मला त्या सगळ्या एकीच्याच बहिणी वाटायला लागल्या.

हा रोग माशीमुळे कसा पसरतो, ते मात्र वाचल्याबरोबर समजलं. सर्राचा परजीवी, ट्रिपॅनोसोमा इव्हान्साय, 1880 साली डेरा इस्माईल खान इथे ग्रिफिथ इव्हान्स या ब्रिटिश पशुवैद्याला आजारी घोड्या-उंटांच्या रक्तात सापडला. घोडमाशी तो एका जनावराकडून दुसऱ्याकडे नेते, हे 1901 मध्ये लिओनार्ड रॉजर्स यांनी प्रयोगाने दाखवलं. माशीच्या पोटात तो वाढतबिढत नाही. ही माशी डासासारखी हळूच सुई घालत नाही. पात्यांनी कातडी कापते आणि साचलेलं रक्त चाटते. जनावराला कळ येते, ते शेपूट मारतं, माशी अर्ध्या जेवणातून उठते आणि ओल्या तोंडाने शेजारच्या म्हशीवर बसते. बस, एवढंच. माणसाला हा रोग होत नाही असं धरून चालले होते, पण 2004 साली आपल्याच चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याच्या रक्तात हा परजीवी सापडला. खात्रीने नोंदला गेलेला तो जगातला पहिला रुग्ण. ज्या प्रथिनामुळे बाकीची माणसं वाचतात, ते कामाला येणारं प्रथिनच त्याच्या रक्तात नव्हतं, असं पुढच्या तपासात दिसलं. त्याच्या गावातल्या 1806 जणांचं रक्त नंतर तपासलं गेलं. परजीवी कुणाच्याच रक्तात दिसला नाही. ही शेवटची ओळ मी मामीला दोनदा वाचून दाखवली, तरी ती गोठ्यात जाताना मामाचा पूर्ण बाह्यांचा सदरा साडीवर चढवते ती चढवतेच.

पहिलं काम म्हणजे गोमाश्यांच्या गर्दीतून घोडमाशी बाजूला काढायची. एका म्हशीसमोर स्टूल टाकून बसलं की कळतं, चावणाऱ्यांनी म्हैस आपसांत वाटून घेतली आहे. शेपटीखाली आणि कासेच्या बेचक्यात जी चपटी, चिवट, बोटांत चिरडली तरी न मरणारी आणि आडवी सरकणारी माशी असते ती हिप्पोबोस्का. ती सहसा उडून जातच नाही. पाठीवर झुंडीने बसणाऱ्या बारक्या माश्या हिमॅटोबिया. पायांना चावणारी, दिसायला थेट घरातली माशी पण सोंड पुढे रोखलेली, ती स्टोमॉक्सिस. या तिघींना बाजूला केलं की उरते ती मोठी: दांडगी, रुंद डोक्याची, डोक्याचा बहुतेक भाग डोळ्यांनीच व्यापलेला, पोटाखाली नाहीतर पायावर येऊन बसणारी. ती चावली की म्हैस नुसती शेपूट हलवत नाही, पाय आपटते. एक माझ्या पोटरीला चावली तेव्हा मीही तेच केलं.

माझी पहिली घोडमाशी मामाच्या टॉवेलने मिळवून दिली. डोकं सपाट, पोट फुटलेलं, पण पंख शाबूत होते. भिंगाखाली पंख धरला आणि पहिल्यांदाच पुस्तकातलं वाक्य समोर जसंच्या तसं दिसलं. पंखाच्या टोकाजवळ एक शीर दुभंगते. तिची एक फांदी टोकाच्या वरच्या कडेला जाऊन मिळते, दुसरी टोकाच्या खाली, आणि पंखाचं टोक त्या दोन फांद्यांच्या मध्ये सापडतं. पंखाच्या मधोमध शिरांनी घेरलेलं सहा बाजूंचं एक घर असतं. एवढं दिसलं की ती घोडमाशी, मग डोकं असो वा नसो. मोठ्या डोळ्यांच्या काही फुलमाश्या लांबून अशाच दिसतात, पण त्यांचा पंख असा नसतो. मला इतका आनंद झाला, की मी तो पंख वहीत चिकटपट्टीखाली ठेवून खाली तारीख, गाव आणि "म्हैस, डावा मागचा पाय" असं लिहिलं.

मामा उकिडवा बसून हे सगळं बघत होता. "काय बघायलीस एवढं?"

"हिची जात."

"माणसाची जात इचारू नये म्हणून पोरांना शिकवतीस, अन् माशीची जात इचारायलीस!"

त्यानंतर टॉवेल बंद झाला. माशी रक्त प्यायला बसली की तिच्यावर अलगद पारदर्शक बरणी टेकवायची, ही युक्ती मामाच्या नातवाने काढली. चावण्यात गुंतलेली माशी उठायला जरा वेळ लावते, तेवढा पुरतो. बरणी मग फ्रिजच्या बर्फाच्या खणात. तिथे मामी विरजणाचा साठा ठेवते, यावरून जे झालं ते इथे लिहीत नाही.

वंशापर्यंत पोचायला मिशा लागतात. माशीच्या मिशा! त्या डोळ्यांच्या मध्ये, पुढे रोखलेल्या, दोन-अडीच मिलिमीटरच्या असतात आणि त्यांच्यात पहिला, दुसरा, तिसरा असे भाग मोजायचे असतात. टॅबॅनसच्या मिशीचा तिसरा भाग बुडाशी रुंद असतो, वरच्या अंगाला त्याला एक दात असतो आणि पुढे तो वाकून निमुळता होतो. हुबेहूब खुरप्याचं पातं. त्याच्या टोकाला चार बारीक कडी. हिमॅटोपोटा नावाच्या दुसऱ्या वंशात हा दात नसतो, कडी तीनच, आणि मिशीचा पहिला भागच लांब किंवा फुगीर असतो. क्रायसॉप्स या तिसऱ्या वंशाच्या मिशा सडपातळ आणि लांब. ही तीन-चारची मोजणी मी दहा पटीच्या भिंगाने करायचा प्रयत्न केला तेव्हा प्रत्येक खेपेला उत्तर निराळं यायचं. शेवटी कॉलेजच्या जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेतला सूक्ष्मदर्शक सुटीनंतर वापरायची परवानगी मिळाली. बारावीची मुलं दारातून डोकावून "मॅडम मराठीच्याच ना?" असं एकमेकांना विचारत.

पंखांवरूनही हे तीन वंश बरेच सुटे होतात, आणि नवख्याला तेच सोपं. क्रायसॉप्सच्या पंखावर काळसर आडवा पट्टा असतो, माशी लहान असते, आणि डोक्यावर मोठ्या डोळ्यांखेरीज तीन इवलेसे साधे डोळे असतात. मागच्या पायाच्या नडगीच्या टोकाला दोन काटेही असतात. टॅबॅनसला ते नसतात. हिमॅटोपोटाचे पंख राखाडी, त्यांवर पांढुरक्या नक्षीची बुट्टी, आणि बसली की पंख दोन्ही बाजूंना उतरते ठेवते. ती येताना आवाजही करत नाही. टॅबॅनसचे पंख बहुधा स्वच्छ काचेचे. नळदुर्गला बोरी नदीच्या काठी माझ्या ओढणीवर बसलेली पट्टेरी पंखांची माशी बघून मी जागच्या जागी ओरडले, "क्रायसॉप्स!" किल्ला बघायला आलेल्या एका कुटुंबाने मुलांना जवळ ओढून घेतलं.

मामाच्या गोठ्यातल्या जवळपास सगळ्या मात्र टॅबॅनस. डॉक्टर बरोबर होते. पण मला आता वंशावर समाधान नव्हतं, आणि इथून पुढे कपाळ सुरू झालं.

घोडमाशीच्या नराचे डोळे डोक्यावर एकमेकांना भिडलेले असतात. मादीच्या डोळ्यांच्या मध्ये एक उभी पट्टी मोकळी राहते, तेच कपाळ. रक्त फक्त मादी पिते, अंड्यांसाठी. नर फुलांचा रस पिऊन राहतो. त्यामुळे म्हशीवर धरलेली प्रत्येक माशी मादीच, आणि म्हणूनच ओळखीचे तक्तेही मुख्यतः माद्यांवर बेतलेले. कपाळ किती उंच, किती रुंद, वर निमुळतं होतं की खाली, हे मोजायचं. उंचीला रुंदीने भागून आकडा काढायचा. मग त्यावरचा उंचवटा बघायचा. कपाळावर सगळीकडे पिठासारखी फिकी धूळ आणि केस असतात, पण खालच्या बाजूला एक ठिकाण उघडं, चकचकीत, गडद तपकिरी असतं. तो उंचवटा चौकोनी आहे की लांबट, दोन्ही डोळ्यांना टेकतो की मध्ये फट राहते, त्याच्यापासून वर जाणारी बारीक रेघ त्याला जोडलेली आहे की तुटक, एवढ्यावर जाती वेगळ्या होतात. पहिल्यांदा हे सूक्ष्मदर्शकाखाली नीट दिसलं तेव्हा मी किती तरी वेळ नुसती बघत बसले. ज्या प्राण्याला आपण आयुष्यभर फटका मारत आलो, त्याच्या दोन डोळ्यांच्या मधल्या अर्ध्या मिलिमीटरच्या पट्टीत एवढं काही आहे, हे कुणी सांगितलं असतं तर मी मानलं नसतं.

माझा आधार म्हणजे गर्ट्रूड रिकार्डो या बाईंचा ग्रंथवजा लेख. 1911 साली कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमच्या नियतकालिकात त्यांनी आपल्याकडच्या आणि पूर्वेकडच्या टॅबॅनसच्या जातींची छाननी करून त्यांचे गट पाडले. आज तो इंटरनेटवर फुकट वाचता येतो. फुकट वाचता येणं आणि समजणं यांत मात्र अंतर आहे. भाषा इंग्रजी, पण त्यातल्या दर तिसऱ्या शब्दाला लॅटिनची फोडणी. तक्त्याची रीत अशी की दोन वाक्यं समोर ठेवतात. पहिलं लागू असेल तर अमुक क्रमांकावर जा, दुसरं असेल तर तमुकवर. "पोटावरचे केस बहुतांशी पिवळसर" आणि "पोटावरचे केस काहीसे पांढुरके" यांतून निवड करायची असते. ट्यूबलाइटखाली माझी माशी पिवळसर होती, खिडकीत पांढुरकी. मराठीचं व्याकरण अवघड म्हणून रडणाऱ्या मुलांबद्दल मला त्या दिवसांत फार माया वाटू लागली.

रंगाची दुसरी मेख अशी, की पोटावरचे फिके पट्टे मुळात त्या पिठूळ धुळीचे आणि केसांचे असतात. माशी बरणीत फडफडली, बोटाला घासली, की पट्टा पुसट होतो. एकाच जातीच्या दोन माश्या, एक ताजी आणि एक झिजलेली, शेजारी ठेवल्या तर नवखा माणूस शपथेवर दोन जाती सांगेल. डोळ्यांचं त्याहून वाईट. कित्येक घोडमाश्यांचे डोळे जिवंतपणी हिरवे, चमचमते असतात, काहींवर जांभळे-तांबूस आडवे पट्टे असतात, आणि पट्टे किती हे जात ओळखायला फार उपयोगी. हा रंग डोळ्याच्या काचेतल्या पातळ थरांवरून परतणाऱ्या उजेडाचा, त्यामुळे माशी वाळली की थर वाळतात आणि सगळा डोळा काळपट तपकिरी होतो. मी फोटो काढायचा आळस केलेली माशी ओल्या कापसाच्या डबीत रात्रभर ठेवून पाहिली. सकाळी झाकण काढलं तर डोळ्यावर पट्टे उमटलेले. रंग पूर्वीचा नव्हता, पण पट्टे मोजता येत होते. तेव्हापासून बरणी उघडायच्या आधी पहिला फोटो डोळ्याचा.

इतकं करून हाती काय आलं? भारतात सर्राशी ज्यांची नावं कायम जोडली जातात त्या दोन जाती माझ्या वहीत मोठ्या अक्षरांत आहेत: टॅबॅनस स्ट्रायाटस आणि टॅबॅनस रुबिडस. पहिली फॅब्रिशियसने 1787 मध्ये नोंदवली, दुसरी वीडेमानने 1821 मध्ये. स्ट्रायाटसच्या पोटावर लांबीला तीन फिके पट्टे, मधला आणि दोन बाजूंचे. रुबिडसच्या पोटावर मधोमध फिक्या त्रिकोणांची रांग, बाजूंना फिके डाग. गोठ्यात दोन्ही तऱ्हा सापडल्या. पण तीन पट्ट्यांची म्हणजे स्ट्रायाटसच, असं म्हणायची सोय नाही. तशाच पट्ट्यांच्या, एकमेकींच्या फार जवळच्या अनेक जाती आहेत, आणि त्या वेगळ्या करायला पुन्हा कपाळच मोजावं लागतं. माझ्या मोजणीत कपाळाचा आकडा कधी या बाजूला पडतो, कधी त्या. अशा माशीच्या चिठ्ठीवर मी "टॅबॅनस, स्ट्रायाटस-गट" लिहून थांबते. पुण्याला आकुर्डीत भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं केंद्र आहे. तशा ठिकाणी नाव लागलेल्या नमुन्यांशेजारी माझी माशी ठेवून तज्ज्ञाने बघितल्याशिवाय पुढचं नाव लिहायचं नाही, हे मी ठरवलं आहे. मामाला हे पटत नाही. "एवढं बघून बी नाव लागंना, तर बघितलंस कशाला?"

नुसत्या फोटोवरून नाव लावणाऱ्यांचं मला आता नवल वाटतं. येडशीच्या रामलिंग घाटात गेले होते. ते अभयारण्य असल्यामुळे तिथे काही धरायचं नसतं, म्हणून फोटोच घेतले. एका माशीचे राखाडी बुट्टेदार पंख सुरेख आले: हिमॅटोपोटा. त्यापुढे मात्र काही नाही. मिशा पंखाच्या सावलीत, कपाळ कॅमेऱ्याच्या विरुद्ध दिशेला. पाठीचा कितीही देखणा फोटो असला तरी माशीने आपल्याकडे बघितलं नाही तर काम होत नाही.

मामाचा प्रश्न मात्र रास्त आहे, म्हणून बंदोबस्ताचंही वाचलं. घोडमाशीला काळं, चमकणारं, तापलेलं अंग खेचून घेतं. म्हशीचं अंग म्हणजे तेच, आणि आपली उस्मानाबादी शेळीही बहुतेक काळीच. जपानमध्ये काही संशोधकांनी काळ्या गायींवर पांढरे पट्टे रंगवले तर चावऱ्या माश्यांचं बसणं निम्म्यावर आलं. 2019 साली ते छापून आलं आणि 2025 मध्ये त्याला इग नोबेल, म्हणजे आधी हसू आणणारं आणि मग विचार करायला लावणारं बक्षीसही मिळालं. मी हे सांगितलं तेव्हा मामा गंभीरपणे म्हणाला, "पोळ्याला बैल रंगवतोच की. म्हसरांनी काय घोडं मारलंय?" मामीने तिथल्या तिथे निकाल दिला, की पट्टे मारलेली म्हैस दारात बांधायची असेल तर ती माहेरी जाईल.

तडजोड म्हणून सापळा लावला. कॅनडातल्या मॅनिटोबाच्या नावाने तो ओळखला जातो. वर प्लॅस्टिकचा शंकू, शंकूच्या टोकाला बरणी, खाली लोंबता काळा गोळा. उन्हात गोळा तापतो, माशी जनावर समजून येते, काही मिळत नाही म्हणून वर उजेडाकडे निघते आणि बरणीत जाते. आमचा गोळा म्हणजे काळ्या ऑइलपेंटने रंगवलेला नातवाचा फुटबॉल. गोठ्यापासून जरा दूर, उन्हात टांगला. पहिले काही दिवस फक्त नातवाचं रडणं मिळालं, मग माश्या येऊ लागल्या. संध्याकाळी कडुलिंबाच्या पाल्याची धुरी पूर्वीसारखीच चालू आहे, आणि एखाद्या जनावराला ताप दिसला की मामा आता थांबत नाही, लगेच रक्त तपासायला सांगतो.

परवा गेले तेव्हा मामाने बरणी आधीच रिकामी करून ठेवली होती. वर्तमानपत्रावर दोन ढीग. "ह्या तुझ्या पट्ट्याच्या. ह्या तिकोनाच्या." चष्मा नसताना त्याने केलेली वाटणी मी भिंगाने तपासली, एक झिजलेली माशी सोडली तर बदलण्यासारखं काही नव्हतं. बाजूला एक वेगळी ठेवली होती, फिकट, पिवळसर राखाडी, बाकीच्यांहून लहान. "ही कोण गं?" मिशीला दात होता, पण अगदी नावापुरता. कपाळावरचा उंचवटा मात्र जवळजवळ नाहीसा झालेला, दोन बारीक ठिपके तेवढे उरलेले. टॅबॅनस नव्हे, बहुधा ॲटिलोटस. त्या वंशाच्या जातींचा तक्ता माझ्याकडे नाही. तो मिळवायचं काम दिवाळीच्या सुटीवर टाकलं आहे, आणि तोवर ती माशी मामीच्या फ्रिजमध्ये नाही, माझ्या कपाटात आहे.